नाबाद राहण्याची विद्या

ऑगस्ट १९०२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला २६३ धावा हव्या होत्या. पावसाने खेळपट्टी बिघडलेली होती आणि ४८ धावांत निम्मा संघ गारद झाला होता. अशा वेळी गिल्बर्ट जेसपने ७७ मिनिटांत १०४ धावा कुटल्या. हा सामना आजही जेसपच्याच नावाने ओळखला जातो आणि त्या खेळीचं मोल कमी करण्याचं काही कारण नाही. पण धावफलक शेवटपर्यंत वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. जेसप बाद झाला तेव्हा इंग्लंडच्या १८७ धावा झाल्या होत्या. अजून ७६ धावा बाकी होत्या आणि हातात तीनच गडी होते. ते राहिलेलं काम केलं जॉर्ज हर्स्टने. २४८ वर नववा गडी पडला, विल्फ्रेड ऱ्होड्स खेळायला आला आणि उरलेल्या १५ धावा या दोघा यॉर्कशरकरांनी घाई न करता, बहुतेक एकेरी धावांनी जमवल्या. हर्स्ट ५८ वर नाबाद राहिला, ऱ्होड्स ६ वर, आणि इंग्लंड एका गड्याने जिंकलं. आपण एकेक करून काढू, असं हर्स्ट ऱ्होड्सला म्हणाल्याची दंतकथा पुढे पसरली. ते वाक्य खरंच उच्चारलं गेलं याला पुरावा नाही. तरीही ती कथा शतकभर टिकली, कारण सामना फिरवणं आणि सामना संपवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे क्रिकेट जाणणाऱ्यांना तिच्यात दिसत होतं.

आज ज्याला आपण फिनिशर म्हणतो त्याच्याबद्दलची आपली कल्पना मात्र हर्स्टपेक्षा जेसपवर बेतलेली आहे. शेवटच्या पाच षटकांत येऊन चेंडू प्रेक्षकांत भिरकावणारा तो फिनिशर, असं समीकरण जाहिरातींनी आणि लिलावांनी रुजवलं आहे. माझं म्हणणं असं की हे समीकरण उलटं आहे. महान फिनिशर फटक्यांच्या ताकदीवर ठरत नाही. धोका केव्हा पत्करायचा, कोणत्या गोलंदाजासमोर पत्करायचा आणि तोवर तो कसा टाळायचा, या निवडीवर तो ठरतो. फटका हे त्या निवडीचं शेवटचं टोक असतं. ते टोक टीव्हीवर दिसतं म्हणून आपण तेवढंच मोजतो. या कामाचा इतिहास पाहिला तर त्याची खरी घडण निराळी असल्याचं कळतं, आणि ती घडण समजून घेतल्याशिवाय आजच्या वीस षटकांच्या खेळातलाही चांगला फिनिशर ओळखता येणार नाही.

हे कौशल्य स्वतंत्र काम म्हणून उभं राहायला इतका काळ का लागला, याचं उत्तर कसोटीच्या रचनेत आहे. कसोटीत सामना अनिर्णित ठेवण्याची सोय आहे. जिंकता येत नसेल तर हरायचं नाही, हा सन्मानाचा मार्ग तिथे खुला असतो आणि तो दिसू लागला की पाठलागाचं गणित बदलतं. १९७९ चा ओव्हलचा सामना याचं उत्तम उदाहरण आहे. भारतापुढे ४३८ धावांचं लक्ष्य होतं. सुनील गावसकरने २२१ धावांची असामान्य खेळी केली आणि एका क्षणी भारताची धावसंख्या १ बाद ३६६ होती. गावसकर ३८९ वर बाद झाला तेव्हा ४९ धावा उरल्या होत्या. पण गडी पडत गेले, वेळ संपत गेली आणि ८ बाद ४२९ वर खेळ थांबला. नऊ धावा कमी पडल्या आणि सामना अनिर्णित राहिला. वर्षानुवर्षं या सामन्याची आठवण गावसकरच्या खेळीसाठी काढली जाते, ते रास्तच आहे. मात्र शेवटच्या ४९ धावा आणणं ही स्वतंत्र जबाबदारी आहे आणि तिच्यासाठी माणूस आधीपासून राखून ठेवायला हवा, हा विचार त्या काळच्या कसोटी फलंदाजीत रुजलेला नव्हता. अनिर्णित निकालाचा आसरा होता, तोवर तो रुजण्याची निकडही नव्हती.

तो आसरा मर्यादित षटकांच्या क्रिकेटने काढून घेतला. इंग्लंडमध्ये १९६३ साली जिलेट चषक सुरू झाला, ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्नला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि १९७५ मध्ये पहिला विश्वचषक. नियम बदलले तरी मनं लगेच बदलली नाहीत. त्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिला. भारत ३ बाद १३२ वर थांबला. या खेळीची आजवर भरपूर टर उडवली गेली. इतिहास म्हणून तिच्याकडे पाहिलं तर ती दोन युगांच्या सांध्यावरची नोंद ठरते. विकेट सांभाळण्याची विद्या तिच्यात पुरेपूर होती, पण ती विद्या कशासाठी वापरायची याचा हिशेब अजून मांडला गेला नव्हता. पुढच्या दशकात तो मांडला गेला. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात ऑस्ट्रल-आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. तो षटकार सगळ्यांना ठाऊक आहे. पण मियाँदादच्या नाबाद ११६ धावा ११४ चेंडूंत आल्या होत्या. म्हणजे हाणामारी अगदी शेवटी आली, त्याआधी बराच वेळ त्याने फक्त सामना हातातून निसटू दिला नाही. शिवाय शेवटचा चेंडू त्याला खेळायला मिळाला तो अकराव्या क्रमांकाच्या तौसिफ अहमदने आदल्या चेंडूवर जिवाच्या आकांताने चोरटी धाव घेतली म्हणून. थेट फेक यष्टीवर बसली असती तर षटकाराची कहाणी जन्मालाच आली नसती.

या कामाला शास्त्राची शिस्त दिली ती ऑस्ट्रेलियाच्या मायकल बेव्हनने. १ जानेवारी १९९६ ला सिडनीत पावसामुळे ४३ षटकांच्या झालेल्या सामन्यात वेस्ट इंडिजने १७२ धावा केल्या होत्या. कर्टली अॅम्ब्रोजच्या माऱ्यापुढे ऑस्ट्रेलियाची अवस्था ६ बाद ३८ आणि मग ७ बाद ७४ झाली. लक्ष्य छोटं होतं, पण गडी उरले नव्हते. बेव्हनने पॉल रायफलला हाताशी धरून ८३ धावांची भागीदारी केली. त्या भागीदारीत भव्य असं काहीच नव्हतं. चेंडू मोकळ्या जागेत ढकलायचा, पहिली धाव पळत घ्यायची आणि क्षेत्ररक्षक चेंडू उचलायला वाकेपर्यंत दुसऱ्या धावेसाठी वळायचं. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या मैदानांवर सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक लांब उभा असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धावांची जागा असते. बेव्हनने ही जागा आपलं शेत असल्यासारखी कसली. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या, समोर रॉजर हार्पर होता आणि बेव्हनने चेंडू सरळ सीमारेषेपार धाडला. ८८ चेंडूंत ७८ नाबाद. कारकिर्दीत २३२ एकदिवसीय सामन्यांत त्याने ६,९१२ धावा केल्या, ५३.५८ च्या सरासरीने. स्ट्राइक रेट ७४.१६, आणि षटकार जेमतेम २१. आज एखादा फलंदाज एका आयपीएल हंगामात याहून जास्त षटकार मारतो. आधुनिक फिनिशरची भूमिका ज्याने घडवली त्याच्याकडे षटकार जवळजवळ नव्हतेच, ही गोष्ट फिनिशरला ताकदीने मोजणाऱ्यांनी विसरता कामा नये.

बेव्हन मैदानावर जे गणित करत होता, तेच गणित त्याच सुमारास दोन इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ कागदावर मांडत होते. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा १ जानेवारी १९९७ रोजी हरारेत वापरली गेली. पावसाने अडलेल्या सामन्याचं लक्ष्य नव्याने ठरवण्यासाठी ती होती. तिच्या गाभ्यातला विचार मात्र पावसापलीकडचा आहे. फलंदाजी करणाऱ्या संघाकडची शिदोरी दोन गोष्टींनी मिळून बनते, उरलेले चेंडू आणि उरलेले गडी. नुसत्या चेंडूंवरून किंवा नुसत्या धावगतीवरून संघ कुठे उभा आहे हे सांगता येत नाही. दहा षटकांत ७० धावा हव्यात, या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. सात गडी हातात असतील तर ते सोपं काम आहे, दोनच असतील तर अवघड. समालोचक आवश्यक धावगती सांगत राहतात आणि ती वाढली की प्रेक्षकांचा धीर सुटतो. फिनिशरचा सुटत नाही, कारण तो धावगती एकटी पाहत नाही. एक गडी वाचवण्यासाठी तीन निर्धाव चेंडू खर्च झाले तरी तो सौदा फायद्याचा असू शकतो, हे त्याला त्या क्षणी कळतं. हे कळणं हीच त्याची खरी प्रतिभा.

ताकद भरपूर आणि बाकीचं थोडं कमी पडलं तर काय होतं, याचा दाखला १९९९ च्या विश्वचषकाने दिला. लान्स क्लुसनरइतका घातक फलंदाज त्या स्पर्धेत दुसरा नव्हता. २८१ धावा, १७ बळी आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. १७ जूनला एजबॅस्टनला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या षटकात ९ धावा हव्या होत्या आणि दक्षिण आफ्रिकेची अखेरची जोडी खेळत होती. क्लुसनरने डेमियन फ्लेमिंगच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले. धावसंख्येची बरोबरी झाली. चार चेंडू, एक धाव. तिसऱ्या चेंडूवर अॅलन डोनाल्ड धावबाद होता होता वाचला. चौथ्यावर क्लुसनर पळत सुटला, डोनाल्ड जागेवरच राहिला, त्याच्या हातून बॅट पडली आणि तो धावबाद झाला. सामना बरोबरीत सुटला आणि आधीच्या फेरीतल्या क्रमवारीच्या जोरावर ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेला. ताकदीचं काम दोन चेंडूंत संपलं होतं. उरलं होतं ते एका हाकेचं, एकमेकांकडे बघण्याचं, दम घेण्याचं काम. चार चेंडूंत एक धाव हव्या असलेल्या फलंदाजाकडे वेळ भरपूर असतो. तो वेळ आहे हे त्याला आतून जाणवलं पाहिजे. क्लुसनरच्या थोरवीला या एका चुकीने बाध येत नाही, पण फिनिशरच्या कामाची सीमा कुठवर पोचते ते तिने दाखवून दिलं.

या सगळ्या धाग्यांची वीण महेंद्रसिंग धोनीत पूर्ण झाली. ११ जुलै २०१३ ला पोर्ट ऑफ स्पेनला तिरंगी मालिकेच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेच्या २०१ धावांचा पाठलाग करताना भारताचे नऊ गडी बाद झाले होते. धोनीसोबत इशांत शर्मा होता आणि शेवटच्या षटकात १५ धावा हव्या होत्या. ते षटक लसिथ मलिंगाच्या वाट्याला न येता शमिंदा इरंगाच्या वाट्याला आलं. धोनीने बॅट बदलली. पहिला चेंडू निर्धाव गेला. मग षटकार, चौकार, षटकार, आणि दोन चेंडू राखून सामना संपला. धोनी ५२ चेंडूंत ४५ वर नाबाद. या आकड्याकडे पुन्हा पाहावं. चेंडूंपेक्षा कमी धावा करून त्याने सामना जिंकून दिला, कारण त्यातल्या १६ धावा कुठे करायच्या हे त्याने ठरवलं होतं. प्रतिस्पर्धी कर्णधाराकडे कोणाची किती षटकं उरली आहेत, शेवटचं षटक कोणाला टाकावं लागणार, हा हिशेब ज्याला जमतो त्याच्यासाठी सामना शेवटपर्यंत खेचणं ही हतबलता उरत नाही, ती योजना होते. गोलंदाजावरही दडपण असतं, आणि शेवटच्या षटकात ते फलंदाजाच्या दडपणापेक्षा मोठं असू शकतं, हे धोनीच्या फलंदाजीचं गृहीतक होतं. एकदिवसीय सामन्यांतल्या यशस्वी पाठलागांमध्ये त्याची सरासरी शंभराच्या वर आहे. हा आकडा त्या गृहीतकाची साक्ष देतो.

यावर पहिला आक्षेप थेट भारतीय संघातूनच आला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७० धावांचा पाठलाग करताना गौतम गंभीरने ९२ धावा केल्या आणि धोनीने ५८ चेंडूंत नाबाद ४४ धावा करून शेवटच्या षटकात सामना जिंकला. त्यानंतर गंभीरने जाहीरपणे सांगितलं की हा सामना शेवटच्या षटकापर्यंत जायलाच नको होता. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. सामना लांबवला की निकाल थोड्या चेंडूंवर येऊन ठेपतो आणि त्या थोड्या चेंडूंत नशिबाचा वाटा वाढतो. तो वाटा धोनीलाही भोवला. सप्टेंबर २०१४ मध्ये एजबॅस्टनला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शेवटच्या षटकात १७ धावा हव्या असताना त्याने अंबाती रायुडूला स्ट्राइक देणारी एकेरी धाव नाकारली आणि भारत तीन धावांनी हरला. २०१९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याच्या ७२ चेंडूंतल्या ५० धावांनी दोन षटकांत ३१ धावा उरवल्या आणि मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीने सगळं संपलं. तरीही गंभीरचा मुद्दा मला अर्धाच पटतो. सामना लवकर संपवता येत असेल तर संपवावा, हे खरंच. पण लवकर संपवण्यासाठी जो धोका पत्करावा लागतो त्याची किंमत गडी बाद होण्यात मोजावी लागते, आणि ती किंमत तळाच्या फलंदाजांच्या माथी पडते. मॅंचेस्टरच्या त्या उपांत्य सामन्यात भारताचे ५ धावांत तीन आणि ९२ धावांत सहा गडी पडले होते. त्यानंतर रवींद्र जडेजाला ५९ चेंडूंत ७७ धावा करण्याचं स्वातंत्र्य मिळालं ते दुसरं टोक धोनीने धरून ठेवलं म्हणून. पद्धतीचं मोल एका हरलेल्या सामन्यावरून ठरवायचं नसतं. असे पाठलाग शंभर वेळा केले तर कोणती पद्धत जास्त वेळा जिंकून देईल, हा खरा प्रश्न आहे, आणि धोनीची कारकीर्द त्याचं पुरेसं उत्तर देते.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे. नाबाद राहिल्याने सरासरी फुगते, असं म्हणतात. बेव्हन १९६ डावांत ६७ वेळा नाबाद होता, धोनी २९७ डावांत ८४ वेळा. दर डावामागे पाहिलं तर दोघांच्याही धावा पस्तीस-छत्तीसच्या आसपास येतात. गणित बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सलामीच्या फलंदाजाचं काम धावा जमवणं असतं, म्हणून त्याला धावांनी मोजावं. फिनिशरच्या वाट्याला किती धावा येतील हे त्याच्या हातात नसतं. कधी १२ उरलेल्या असतात, कधी १२०. त्या आणून परत न जाणं हेच त्याचं काम. म्हणून नाबाद राहणं ही त्याच्या आकड्यांतली सूज नव्हे, ते काम झाल्याची पावती आहे. एक अट मात्र घालायलाच हवी. ती पावती जिंकलेल्या सामन्यातली असावी. लॉर्ड्सवरच्या ३६ धावाही नाबादच होत्या.

सगळ्यात जोरदार आक्षेप आजच्या खेळातून येतो. टी-ट्वेंटीत वीसच षटकं असतात, तिथे थांबून हिशेब करायला वेळ कुणाकडे आहे? २०११ पासून एकदिवसीय सामन्यात दोन नवे चेंडू वापरात आले, रिव्हर्स स्विंगची धार कमी झाली, बॅटी जाड झाल्या. अशा काळात ताकद हीच विद्या, असं म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे. एप्रिल २०२३ मध्ये अहमदाबादला रिंकू सिंगने शेवटच्या पाच चेंडूंवर पाच षटकार मारले तेव्हा कोणतंही गणित ताकदीची जागा घेऊ शकलं नसतं. हे मान्य करून मी कार्लोस ब्रॅथवेटच्या दोन खेळी शेजारी ठेवतो. ३ एप्रिल २०१६ ला ईडन गार्डन्सवर शेवटच्या षटकात १९ धावा हव्या असताना त्याने बेन स्टोक्सला सलग चार षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला. जून २०१९ मध्ये मॅंचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध त्याने ८२ चेंडूंत १०१ धावा करून हरलेला सामना खेचून आणला. सात चेंडूंत सहा धावा उरल्या होत्या, समोरच्या टोकाला अकरावा फलंदाज होता आणि ४९ व्या षटकाचा शेवटचा चेंडू जेम्स नीशमकडे होता. तिथे एक धाव घेतली असती तर शेवटचं षटक पूर्णपणे ब्रॅथवेटच्या हातात आलं असतं, सहा चेंडूंत पाच धावा. त्याने एकाच फटक्यात सामना संपवायचा प्रयत्न केला आणि लाँग-ऑनला सीमारेषेवर ट्रेंट बोल्टने झेल घेतला. वेस्ट इंडिज पाच धावांनी हरलं. माणूस तोच आणि ताकदही तीच. कोलकात्यात दुसरा पर्यायच नसल्याने निवड आपोआप झाली होती, मॅंचेस्टरला निवड करावी लागणार होती आणि तिथेच घात झाला.

उलट बाजूने पाहिलं तर टी-ट्वेंटीतही निवड ताकदीवर मात करते. २३ ऑक्टोबर २०२२ ला मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध विराट कोहलीने नाबाद ८२ धावा केल्या आणि हारिस रौफला मारलेले दोन षटकार जगभर दाखवले गेले. पण शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना खेळायला होता रविचंद्रन अश्विन. मोहम्मद नवाझचा चेंडू लेगला जात होता. अश्विन त्याला हातही न लावता बाजूला झाला. वाइड. बरोबरी झाली आणि चेंडू पुन्हा टाकावा लागला. मग अश्विनने शांतपणे मिड-ऑफवरून चेंडू उचलला आणि सामना संपला. कोट्यवधी लोक श्वास रोखून बसलेले असताना, बॅट फिरवण्याचा मोह अंगाच्या रोमारोमांत भरलेला असताना, चेंडू सोडून द्यायचं ठरवणं ही फिनिशरच्या विद्येची अगदी निखळ खूण आहे. सर्वांत वेगवान, सर्वांत कमी वेळेच्या खेळात सामना न मारलेल्या चेंडूने फिरला.

या सगळ्यात एका अन्यायाचीही दखल घ्यायला हवी. सामना संपवण्याचं श्रेय आपण शेवटच्या फटक्याला देऊन टाकतो. १८ जानेवारी १९९८ ला ढाक्यात पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग करताना, अंधारून येत असताना, दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या आणि पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने सकलेन मुश्ताकला लेगला चौकार मारला. महाराष्ट्राने तो चौकार जपून ठेवला आहे आणि नवख्या खेळाडूच्या त्या धैर्याला तोड नाही. पण सौरव गांगुलीच्या १२४ आणि वरच्या क्रमांकावर पाठवलेल्या रॉबिन सिंगच्या ८२ धावांशिवाय तो चौकार मारण्याची वेळच आली नसती. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडच्या ३५० धावांसमोर भारत ४ बाद ६३ होता. तिथून कोहलीने १२२ आणि पुण्याच्याच केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, आणि दोघे बाद झाल्यावर हार्दिक पंड्या व अश्विन यांनी काम पुरं केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर ग्लेन मॅक्सवेलने पायात गोळे आलेले असताना अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ धावा केल्या. ७ बाद ९१ वरून झालेल्या त्या २०२ धावांच्या भागीदारीत पॅट कमिन्सच्या धावा होत्या १२, चेंडू ६८. त्या १२ धावांशिवाय २०१ उभ्या राहिल्या नसत्या. याची दुसरी बाजू १९९९ च्या चेन्नई कसोटीत दिसते. पाठीच्या वेदना सोसत सचिन तेंडुलकरने १३६ धावा केल्या आणि तो बाद झाला तेव्हा १७ धावा आणि तीन गडी बाकी होते. शेवटचे गडी चार धावांत कोसळले आणि भारत १२ धावांनी हरला. सचिनने सामना संपवला नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो: हर्स्टला ऱ्होड्स मिळाला होता, सचिनला कोण मिळालं? फिनिशिंग ही दोन टोकांनी मिळून करण्याची गोष्ट आहे.

म्हणूनच हे काम एखाद्या क्रमांकाशी बांधूनही ठेवता येत नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला संघापुढे ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढं लक्ष्य आधी कुणीही गाठलं नव्हतं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली, हरमनप्रीत कौरसोबत तिने डाव बांधला, हरमनप्रीत ८९ वर गेल्यावरही ती हलली नाही, आणि १३४ चेंडूंत १२७ धावांवर नाबाद राहून, नऊ चेंडू राखून सामना जिंकूनच परतली. तिच्या या खेळीत चेंडूमागे जेमतेम एक धाव आहे. गरज पडली तिथे चौकार आले, गरज नव्हती तिथे एकेरी धाव. हर्स्टपासून सुरू झालेली परंपरा तिच्याइतक्या स्पष्टपणे अलीकडे कुणी पुढे नेली नाही.

हे सारं मान्य केलं तर निवडीचे आणि शिकवण्याचे निकष बदलावे लागतील. फिनिशर शोधताना स्ट्राइक रेट आणि षटकारांची यादी पुरेशी नाही. तो आला तेव्हा किती चेंडू आणि किती गडी उरले होते, त्याने कोणत्या गोलंदाजाला सोडलं आणि कोणाला धरलं, तळाच्या फलंदाजाला किती चेंडू खेळावे लागू दिले आणि शेवटी तो मैदानात होता का, हे प्रश्न विचारायला हवेत. नेटमध्ये मुलांना ओळीने षटकार मारायला लावणं सोपं आहे. तीन गडी, २४ चेंडू, २८ धावा अशी परिस्थिती देऊन ती पुन्हा पुन्हा खेळवणं अवघड, पण खरं शिक्षण त्यातच आहे. ताकद लवकर कमावता येते आणि वयाबरोबर ओसरतेही. शेवटच्या षटकात शिल्लक चेंडू मोजणारी, मोह आवरणारी आणि जोडीदाराला सांभाळणारी बुद्धी मात्र परिस्थितीत वारंवार उभं राहूनच येते. ज्या संघाला सामने संपवणारे हवे आहेत त्याने ती बुद्धी घडवण्याची तजवीज केली पाहिजे आणि ती घडेपर्यंत त्या खेळाडूच्या चार-दोन अपयशांना पाठीशी घालण्याचा धीरही ठेवला पाहिजे.